स्क्रूचं डोकं सांभाळा

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की सावनेरनंतर मध्य प्रदेशची हद्द येते, आणि सौंसर यायच्या आधी बोरगाव. इथे औद्योगिक वसाहत आहे, १९९१ पासून चालू असलेली रेमंडची कापड गिरणी आहे, आणि वसाहतीच्या पलीकडे संत्र्याचे बगीचे नि कपाशीची शेतं. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तेव्हा सौंसर तालुका त्यात गेला. पण इथली बोली आणि बाजारहाट आजही नागपूरकडची. असल्या मुलखात घरटी दोन-चार यंत्रं असतातच. पाठीवरचा फवारणी पंप, विहिरीवरची मोटर, आजोबांच्या वेळचं डिझेल इंजिन, शिलाई मशीन, मोटारसायकल. त्यातलं काहीही उघडायला घेतलं की काम अडतं ते बहुधा एकाच जागी. बाकी सगळं सुटतं, एक स्क्रू सुटत नाही.

मग हाताला येईल तो स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केला जातो. ड्रायव्हर खाचेतून निसटतो, खाचेचा काठ सोलवटतो. दुसऱ्यांदा आणखी जोर, आणखी काठ जातो. तिसऱ्या वेळी स्क्रूच्या डोक्यावर धरायला काहीच उरत नाही. पाच मिनिटांचं काम आता वेल्डिंगच्या दुकानापर्यंत जातं. जाम झालेल्या स्क्रूला आपण धरू शकतो अशी एकच जागा असते, ती म्हणजे त्याचं डोकं. ते शाबूत आहे तोवर दहा उपाय करता येतात. म्हणून स्क्रू जागचा हलो न हलो, डोकं जाऊ द्यायचं नाही.

स्क्रू अडतो कशामुळे, हे आधी पाहू. नवा कोरा स्क्रू आवळताना आपण लावलेल्या शंभर भाग जोरापैकी ढोबळमानाने पन्नास भाग डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीस भाग आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा भाग दोन वस्तू एकमेकींना दाबून धरायच्या कामी येतात. त्या दहा भागांमुळे स्क्रूची दांडी किंचित ताणली जाते आणि हा ताण स्क्रूला जागेवर ठेवतो. म्हणजे पकड दोन ठिकाणी असते, डोक्याखाली आणि आट्यांत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त डोक्याखाली. हा हिशेब पुढे कामी येणार आहे.

वर्षं जातात तशी या पकडीत गंजाची भर पडते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, ओल धरून असेल तर त्याहूनही जास्त. नट आणि बोल्टच्या आट्यांमधली फट मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी असते. तिच्यात फुगणारा गंज दोन्ही बाजूंना पाचरीसारखा दाबतो. विहिरीवरच्या पंपाच्या फ्लँजचे बोल्ट दहा वर्षांनी पाना लावल्यावर सुटण्याऐवजी तुटतात, ते यामुळे.

संत्र्याच्या पट्ट्यात गंजाला आणखी एक कारण मिळतं. डिंक्या रोगासाठी झाडाच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात आणि बोर्डो मिश्रण फवारतात. पेस्टला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. एक टक्क्याच्या फवारणीला तेवढंच मोरचूद, तेवढाच चुना आणि शंभर लिटर पाणी. ही दोन्ही प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या भांड्यात करतात, लोखंडाच्या कधीच नाही. मिश्रण नीट जमलं का, हे पाहायला त्यात विळ्याचं पातं किंवा खिळा बुडवतात. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला की मोरचूद अजून मोकळं आहे, चुना वाढवायला हवा. ही परीक्षा बागायतदाराला पाठ असते. पण त्या पात्यावर जे घडतं तेच पंपाच्या स्क्रूवरही घडतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं आणि त्याच्या बदल्यात लोखंड पाण्यात उतरतं. वर बसलेला तांब्याचा थर ओल मिळाली की विजेच्या घटासारखा वागतो आणि उरलेलं लोखंड जास्त वेगाने खातो. पंपाची नळी आणि नोझल पितळेची, त्यांना धरणारा स्क्रू साध्या लोखंडाचा. दोन वेगळे धातू, मध्ये क्षारांचं पाणी. अशा जोडीत लोखंडाचाच बळी जातो. फवारणी झाल्यावर पंपातून साधं पाणी खेळवलं तर हे बरंचसं टळतं. पण हंगामाच्या धावपळीत पंप तसाच कोपऱ्यात टेकवला जातो, कधीकधी तर युरिया-पोटॅशच्या पोत्यांशेजारी. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं आणि क्लोराइड गंजाचा वेग वाढवतं.

पण जाम झालेला प्रत्येक स्क्रू गंजलेला नसतो, आणि जोर लावण्याआधी हे ओळखणं फार महत्त्वाचं. जुन्या उषा किंवा सिंगर मशीनचा स्क्रू बहुधा तेलाने धरलेला असतो. वर्षानुवर्षं टाकलेलं तेल धूळ पिऊन वाळतं आणि पिवळट लाखेसारखं घट्ट होतं. तिथे गंज फोडायचे उपाय कामाचे नाहीत. रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा रात्रभर लावून ठेवला की ते तेल विरघळतं आणि स्क्रू सकाळी अलगद फिरतो. सिंगरच्या जुन्या मशीनला कंपनीचे स्वतःचे आटे असत. तो स्क्रू मोडला तर हार्डवेअरच्या दुकानात त्याचा जोडीदार मिळत नाही. अशा स्क्रूशी घाई करणं परवडत नाही.

तिसरा प्रकार चिकटवलेल्या स्क्रूंचा. इंजिनात आणि मोटारीत कंपनाने स्क्रू सुटू नयेत म्हणून आट्यांना एक द्रव लावतात. हवेपासून तुटून धातूच्या फटीत गेला की तो आपोआप कडक होतो. निळ्या रंगाचा असेल तर साध्या पान्याने सुटतो. लाल असेल तर सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्याशिवाय तो ढिला होत नाही, मग कितीही ताकद लावा. चौथा प्रकार मोटारसायकलच्या इंजिनावरचा, लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचं आवरण. तिथे ॲल्युमिनियमचा पांढरा भुकटीसारखा थर आट्यांत भरतो. स्क्रूभोवती अशी पांढरी कड दिसली की ओळखावं.

एक गोष्ट सगळ्याआधी तपासायची, स्क्रू कोणत्या बाजूला सुटतो. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. दोन चाकांच्या ग्राइंडरच्या डाव्या बाजूचा नटही उलटाच. उलट आट्याला नेहमीच्या दिशेने सोडायला जाणारा माणूस त्याला आणखी आवळत असतो.

आता ड्रायव्हर. सरळ खाचेच्या स्क्रूला बाजारातला साधा स्क्रू ड्रायव्हर बहुतेक वेळा बसत नाही, तो फक्त आत शिरतो. त्याचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, म्हणून ते खाचेच्या तळाला न भिडता वरच्या काठांना तेवढं टेकतं. जोर लावला की काठ उलटतात. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. जुन्या बंदुकीच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या स्क्रूंची खाच अरुंद असते आणि ती ओरबाडली गेली की वस्तूची किंमत उतरते, म्हणून ते पात्याच्या दोन्ही बाजू समांतर घासून घेतात. पातं खाचेत तळापर्यंत, खाचेच्या पूर्ण लांबीत, अजिबात हलणार नाही इतकं भरून बसायला हवं. हे काम कानशीने कुणालाही जमतं. एखादा जुना, चांगल्या पोलादाचा ड्रायव्हर घ्यावा, स्क्रूच्या मापाने टोक घासावं आणि ते त्या कामासाठीच राखून ठेवावं. ग्राइंडरवर घासताना टोक निळं पडू द्यायचं नाही; निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं.

खऱ्या बंदुकीची नाही, पण शोभेच्या रिव्हॉल्व्हरची जुनी प्रतिकृती उघडायची वेळ काहींवर येते; नाटक मंडळींकडे, सिनेमाच्या सामानात, एखाद्याच्या दिवाणखान्यातल्या भिंतीवर त्या असतात. आधी खात्री करायची की ती खरोखर प्रतिकृतीच आहे. खरं हत्यार असेल तर ते परवानाधारक कारागिराकडेच जायला हवं. शोभेच्या प्रतिकृती बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असतात आणि स्क्रू मात्र पोलादी. हा मिश्रधातू ४०० अंशांच्या आतच वितळतो आणि मुळातच मऊ असतो. म्हणून तिथे ज्योत लावायची नाही, हातोडी जपून मारायची, आणि स्क्रू सुटला तरी परत बसवताना आवळायचा तो दोन बोटांनी. पोलादी स्क्रू जस्ताचे आटे सहज खाऊन टाकतो. मुठीच्या आणि चौकटीच्या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, तेव्हा प्रत्येक स्क्रू काढला की पुठ्ठ्यावर प्रतिकृतीचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आतला भाग अडतो.

अधिक चिन्हाच्या खाचेची गोष्ट वेगळी. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३६ च्या सुमारास ती रूढ केली. तिच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर आपोआप वर ढकलला जातो. जपानी मानकाची खाच दिसायला अगदी तशीच, पण तिचा आकार किंचित वेगळा. अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. हिरो होंडाची पहिली सीडी १०० ही मोटारसायकल १९८५ मध्ये आली तेव्हापासून खेडोपाडी असे स्क्रू पसरले, आणि त्यांना नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर लावून कितीतरी इंजिनांच्या बाजूच्या झाकणांचे स्क्रू गोल झाले. जपानी मापाचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, त्याची किंमतही फार नसते. दुचाकी दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाच्या पेटीत तो असलाच पाहिजे.

ड्रायव्हर बसला, आता तेल. आट्यांत शिरणाऱ्या तेलाचं काम त्याच्या पातळपणावर चालतं. बारीक फटीत ते केशाकर्षणाने स्वतःहून चढतं. इंजिन ऑइल जाड असतं, ते वरच राहतं. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा सगळीकडे दिसतो. तो अमेरिकेत १९५३ मध्ये पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला, आट्यांत झिरपायला खास बनवलेली तेलं त्याहून जास्त उपयोगी पडतात. गावात रॉकेल किंवा डिझेलने काम भागतं, पण वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी लावायचं, सकाळी पुन्हा लावायचं, मध्ये मध्ये हातोडीने टकटक करायचं. या टकटकीला महत्त्व आहे. हलक्या, सरळ डोक्यावर बसणाऱ्या ठोक्यांनी गंजाच्या थराला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. एक जोरदार घाव घालून जे होत नाही ते पन्नास हलक्या ठोक्यांनी होतं.

त्यानंतर स्क्रू सोडायला जायचं नाही, आधी अगदी किंचित आवळायचा. आवळायच्या दिशेने केसभर हलला तरी गंजाची पकड मोडली. मग सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा, पुन्हा सोडायचा, मध्ये तेल टाकत राहायचं. आटे पाडताना टॅप असाच मागे-पुढे चालवतात, कचरा मोकळा व्हावा म्हणून.

ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर गॅरेजमध्ये असतोच. मागून हातोडी मारली की त्याचं टोक खाचेत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. ड्रायव्हर खाचेतून वर येण्याची भीतीच राहत नाही. अधिक चिन्हाच्या अडलेल्या स्क्रूसाठी याहून चांगलं साधन नाही.

उष्णता शेवटी, आणि विचार करून. एक मीटरची लोखंडी सळई १०० अंशांनी तापवली तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते, पितळेची सुमारे १.९, ॲल्युमिनियमची सुमारे २.३. म्हणून ॲल्युमिनियमच्या आवरणातला लोखंडी स्क्रू काढताना आवरण तापवावं. भोक स्क्रूपेक्षा जास्त वाढतं. लहान स्क्रूला गॅसची ज्योत लागत नाही. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक डोक्यावर मिनिटभर धरलं तरी पुरतं. बोल्ट गरम असताना त्याच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, ही जुनी आणि खरी युक्ती आहे. पण आधी तेल, पेट्रोल किंवा डिझेल लावलेल्या जागी ज्योत न्यायची नाही, आणि स्प्रिंगजवळ तर नाहीच. तापून निळी पडलेली स्प्रिंग पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

डोकं आधीच गेलं असेल तर काय? खाच थोडीच सोलवटली असेल तर इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट ड्रायव्हरच्या टोकाला लावावी. तिच्यातले कण धातूला धरून ठेवतात. रबर बँड ठेवून ड्रायव्हर दाबण्याचा उपाय लाकडातल्या ढिल्या स्क्रूला चालतो, गंजलेल्याला नाही. डोकं वर असेल तर हॅक्सॉ ब्लेडने नवी सरळ खाच पाडता येते. कडेला बारीक छिन्नी तिरपी टेकवून सुटण्याच्या दिशेने ठोकूनही काही स्क्रू निघतात. डोक्यावर नट ठेवून आतून वेल्ड केला तर दोन फायदे होतात. पान्याला धरायला जागा मिळते आणि वेल्डिंगची उष्णता थेट आट्यांपर्यंत जाते. पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या बोल्टला हाच उपाय बहुतेक ठिकाणी केला जातो.

काहीच नाही जमलं तर डोकं ड्रिलने उडवायचं. इथे सुरुवातीचा हिशेब उपयोगी पडतो. पकडीतला निम्म्याहून जास्त भाग डोक्याखाली होता आणि दांडी ताणलेली होती. डोकं उडताच दोन्ही गोष्टी एकदम संपतात. वरचा भाग निघून येतो, दांडीचं टोक बाहेर उरतं आणि ते बऱ्याचदा पकडीने सहज फिरतं. ड्रिल दांडीच्या जाडीएवढंच घ्यावं आणि आधी बरोबर मधोमध पंच मारावा. पंच चुकला तर ड्रिल आट्यांत शिरतं.

मोडका स्क्रू आतच राहिला तर त्यात भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतात. हा एक्स्ट्रॅक्टर फार कडक पोलादाचा असतो, म्हणून ठिसूळ. तो आत मोडला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही, मग विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या यंत्राकडे वस्तू न्यावी लागते. गंजलेल्या बोल्टला आधी तापवल्याशिवाय एक्स्ट्रॅक्टर लावू नये.

घड्याळजींकडे मात्र यावर एक सुंदर उपाय आहे. घड्याळाची पट्टी पितळेची, तिच्यात मोडलेला पोलादी स्क्रू सुईच्या टोकाएवढा. ड्रिल चालवायला जागाच नाही. ते ती पट्टी तुरटीच्या पाण्यात ठेवतात. तुरटी पाण्यात विरघळली की पाणी सौम्य आम्ल होतं. ते पाणी गरम केलं की पोलादाच्या तुकड्यावरून बारीक बुडबुडे उठू लागतात, पितळेला मात्र काही होत नाही. काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत, स्क्रू काळ्या गाळासारखा होऊन ब्रशने निघून येतो आणि आटे जसेच्या तसे राहतात. ॲल्युमिनियममध्ये मोडलेल्या टॅपसाठीही हेच करतात. त्या पट्टीवर दुसरा पोलादी भाग, पिन किंवा स्प्रिंग राहिली तर तीही जाईल, म्हणून सगळं पोलाद आधी काढून घ्यायचं. काचेचं नाहीतर चिनी मातीचं भांडं घ्यायचं. पितळेच्या मुठीत किंवा शोभेच्या पितळी वस्तूत मोडलेला स्क्रू असेल तरी हा उपाय चालतो; जस्ताच्या ओतीव वस्तूला मात्र नाही, आम्ल जस्तालाही खातं.

आटे गेले असतील तर एक माप मोठा टॅप मारून मोठा स्क्रू बसवता येतो, किंवा तारेची गुंडाळी बसवून जुन्या मापाचे आटे परत मिळवता येतात. सहा मिलिमीटरच्या स्क्रूच्या आट्यांसाठी पाच मिलिमीटरचं भोक लागतं, आठच्यासाठी ६.८ चं. भोक जास्त मोठं पाडलं तर आटे उथळ होतात आणि पुढच्याच हंगामात पुन्हा निघतात.

परत बसवताना प्रत्येक स्क्रू तारेच्या ब्रशने साफ करून आट्यांना थोडं ग्रीस लावावं. जिथे उष्णता आहे तिथे तांब्याची भुकटी मिसळलेलं ग्रीस. फवारणी पंपावर साध्या लोखंडी स्क्रूच्या जागी स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, फरक थोड्या रुपयांचा असतो. पण स्टेनलेसचा स्क्रू स्टेनलेसच्या नटात कोरडा आणि झपाट्याने फिरवला तर घर्षणाने दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि जागच्या जागी धरून बसतात, तिथेही ग्रीस हवंच. ग्रीस लावलेला स्क्रू नेहमीइतका आवळू नये. घर्षण कमी झाल्यामुळे तेवढ्याच जोरात दांडी जास्त ताणली जाते, आणि लहान स्क्रू तेवढ्याने मोडतो.